८०-जीमुळे देणगीची सगळी रक्कम परत मिळत नाही

रत्नागिरी-चिपळूणकडच्या गाववाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘गावच्या संस्थेला देणगी द्या, ८०-जीमुळे सगळे पैसे परत मिळतात.’ हेतू चांगला आहे, माहिती चुकीची.

१९६१च्या आयकर कायद्याच्या कलम ८०-जीनुसार (एप्रिल २०२६पासूनच्या नव्या कायद्यात कलम १३३) बहुतेक मान्यताप्राप्त संस्थांना दिलेल्या देणगीची ५० टक्के रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते; करातून नाही. १०,००० रुपये दिले तर ५,००० वजा, म्हणजे २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे वाचतात साधारण १,००० रुपये. त्यालाही उत्पन्नानुसार मर्यादा आहे. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ही सवलतच नाही. २,००० रुपयांवरची रोख देणगी धरली जात नाही, वस्तूही नाहीत: वाचनालयाला दिलेली पुस्तकं, २०२१च्या पुरात चिपळूणला पाठवलेलं धान्य, काहीच नाही. संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मात्र जरूर घ्या.

कार्यकर्त्यांना कळकळीची विनंती. मुंबईचा चाकरमानी गावाला पैसे देतो ते कर वाचवायला नव्हे. शाळेच्या छपराला किती लागणार, किती जमले, कुठे खर्च झाले, हे त्याला पावतीसोबत कळवा. छपराचा फोटो पाठवा. खोट्या आशेवर देणगी घेतली, तर पुढच्या गणपतीत तो तुम्हाला टाळेल, आणि त्यात चूक त्याची नसेल.

मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.