यांकीज हरावेत की जिंकावेत?

सप्टेंबर संपत आला की बॉस्टनमध्ये लोक आपल्या बेसबॉल टीमपेक्षा न्यूयॉर्कच्या टीमबद्दल जास्त बोलू लागतात. २०२५च्या सप्टेंबरात तर या बोलण्याला ऊत आला होता. आमचे रेड सॉक्स अमेरिकन लीगच्या पूर्व विभागात तिसरे होते. वर टोरांटोचे ब्लू जेज आणि न्यूयॉर्कचे यांकीज, दोघेही अगदी बरोबरीत. त्यांच्यातला जो विभाग जिंकेल त्याला प्लेऑफची पहिली फेरी माफ होणार होती. जो मागे राहील त्याला तीन सामन्यांची वाइल्ड कार्ड फेरी खेळावी लागणार, आणि तीही बहुतेक आमच्याशीच. त्यामुळे ऑफिसात चहाकॉफीच्या वेळी एकच विषय: यांकीज आपल्या वाट्याला यावेत की न यावेत?

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तीस टीम असतात आणि मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येकीचे १६२ सामने होतात. दोन लीग, प्रत्येक लीगचे तीन विभाग. तीन विभागविजेते आणि उरलेल्यांतले तीन चांगले (यांनाच वाइल्ड कार्ड म्हणतात), असे प्रत्येक लीगमधून सहा जण पुढे जातात. ही सहांची पद्धत २०२२पासूनची.

तर आमच्याकडे दोन तट पडले होते. एक म्हणे, यांकीजनी विभाग जिंकून घ्यावा, म्हणजे ते निदान पहिल्या फेरीत तरी आपल्यासमोर येणार नाहीत. पण याचा अर्थ यांकीजचं भलं चिंतणं, आणि ते तोंडाने म्हणायला जीभ रेटत नाही. दुसरा तट म्हणे, यांकीजच हवेत! वर्षभरात त्यांच्याशी तेरा सामने झाले, त्यातले नऊ आपण जिंकले, मग घाबरायचं कशाला? डॉर्चेस्टरला जन्मलेली एक सहकारी यातल्या कुठल्याच तटात नव्हती. यांकीज हरले पाहिजेत, हिशेब मागाहून, एवढंच तिचं धोरण.

मला गंमत वाटली ती या लोकांच्या अभ्यासाची. यांकीजचा मुख्य पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, गेरिट कोल कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे अख्खा हंगाम बाहेर आहे, तरी मॅक्स फ्रीड आणि कार्लोस रोडॉन यांनी मिळून सगळं कसं ओढून नेलंय. त्यांचा फटकेबाज अॅरन जज याला कुठला बॉल टाकायचा नाही. त्यांचा पिचर डेव्हिन विल्यम्स शेवटच्या डावांत कसा गडबडतो. शेवटच्या तीन सामन्यांत बाल्टिमोर त्यांना किती झुंजवेल, टॅम्पा टोरांटोला किती. भावकीतल्या जमिनीच्या भांडणात दोन्ही बाजूंना एकमेकांचा सातबारा तोंडपाठ असतो, तसला हा प्रकार. स्वतःच्या टीमबद्दल हेच लोक बेधडक खोटं बोलतात, सगळं ठीक होईल म्हणतात. शत्रूचा हिशेब मात्र चोख. खुन्नस एवढी कामाची असते हे मला इथे येऊन कळलं.

आता घरचं. ठाण्याचा माझा आतेभाऊ मुंबई इंडियन्सचा कट्टर, आणि त्याचा मुलगा कोहलीमुळे बंगळुरूचा. दर मे महिन्यात त्यांच्यातला वाद मला फोनवर ऐकायला मिळतो. २१ मे २०२३ला तो शिगेला पोचला होता. दुपारी वानखेडेवर कॅमेरन ग्रीनच्या शतकावर मुंबईने हैदराबादला हरवलं. पण पुढे जायचं तर रात्री बंगळुरूने गुजरातकडून हरायला हवं होतं. कोहलीने शतक ठोकलं, मग शुभमन गिलने नाबाद १०४ काढून सामना गुजरातला दिला. एकाच हॉलमध्ये बाप सोफ्यावर उभा राहून गिलसाठी ओरडतोय आणि पोरगा उशीत तोंड खुपसून बसलाय. त्यानंतर समाजमाध्यमांवर गिलच्या बहिणीला जे काही ऐकून घ्यावं लागलं ते लाज आणणारं होतं.

पोराचं म्हणणं असं की बाबांनी गुजरातसाठी टाळ्या वाजवल्या ही बेइमानी. आपली टीम असेल तर तिच्याच जोरावर पुढे जा. आणि त्याच्या मित्रांचं म्हणणं त्याहून पुढचं: सगळं आधीच ठरलेलं असतं. माझ्या घरच्या ग्रुपवर ही दोन वाक्यं दरवर्षी आलटूनपालटून येतात. कोणी हरलं की ‘मुद्दाम हरले’, आणि दुसऱ्याच्या विजयासाठी देव पाण्यात ठेवले की ‘तुम्ही कसले फॅन?’ शेवटी आतेभाऊ माझ्याकडे बघून म्हणतो, तुमच्याकडे बरं, तिकडे खिलाडूवृत्ती असते.

कसली खिलाडूवृत्ती! रेड सॉक्सच्या मैदानावर, फेनवे पार्कमध्ये, समोर भलतीच टीम खेळत असली तरी यांकीजच्या नावाने शिमगा सुरू होतो. आणि शत्रूच्या विजयासाठी देव पाण्यात ठेवणं म्हणाल तर २८ सप्टेंबर २०११ची रात्र या शहरात आजही कोणी विसरलेलं नाही. त्या महिन्याच्या सुरुवातीला, प्लेऑफच्या उरलेल्या एका जागेच्या शर्यतीत, रेड सॉक्स टॅम्पा बेच्या नऊ सामने पुढे होते. मग सप्टेंबरात सत्तावीसपैकी वीस हरले आणि शेवटच्या दिवशी दोघे बरोबरीत आले. बॉस्टन बाल्टिमोरमध्ये तळाच्या ओरिओल्सशी खेळत होतं, आणि टॅम्पासमोर कोण, तर यांकीज. म्हणजे टॅम्पा हरायला हवं तर यांकीज जिंकायला हवेत. आख्ख्या बॉस्टनने त्या रात्री यांकीजचा जप केला, अगदी डॉर्चेस्टरच्या माझ्या सहकारीच्या वडिलांनीसुद्धा. ते तिला अजून मोठ्याने सांगता येत नाही, हळू आवाजात सांगते.

बाल्टिमोरचा सामना पावसाने बराच वेळ थांबला तेव्हा बॉस्टन ३-२ने पुढे होतं आणि तिकडे यांकीज ७-०ने. झोपायला हरकत नव्हती. पण टॅम्पाने आठव्या डावात सहा धावा काढल्या, नवव्यात दोन बाद, दोन स्ट्राइक, म्हणजे आणखी एक चुकला की सामना संपला अशा अवस्थेत डॅन जॉन्सनने होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) मारून बरोबरी केली. इकडे बॉस्टनचा पिचर जॉनथन पॅपलबॉनला शेवटची एक विकेट मिळेना. रॉबर्ट अँडिनोच्या फटक्यावर ओरिओल्सनी ४-३ असा सामना घेतला. त्यानंतर जेमतेम तीन मिनिटांनी टॅम्पाच्या एव्हन लाँगोरियाने बाराव्या डावात चेंडू डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे घातला आणि बॉस्टन घरी बसलं.

यांकीजनी त्यांचा विभाग आधीच जिंकला होता. त्यांना त्या सामन्याचं काही पडलेलं नव्हतं. त्यांनी दुय्यम पिचर एकामागून एक आणले, आपला हुकमी पिचर मारियानो रिवेरा याला बॉलला हातही लावू दिला नाही. आपल्याकडे असं झालं असतं तर संसदेत प्रश्न विचारला गेला असता. बॉस्टनमध्ये चार शिव्या घातल्या गेल्या आणि मग सगळा राग स्वतःच्या टीमवर निघाला. ड्रेसिंगरूममध्ये खेळाडू बिअर पितात, तळलेली कोंबडी खातात, अशा बातम्या आल्या, मॅनेजर टेरी फ्रँकोना गेला. यांकीज मुद्दाम हरले असं म्हणणारे थोडे होते, पण त्यांचं कोणी ऐकून घेतलं नाही. कारण साधं होतं. एकाच महिन्यात वीस पराभव स्वतःच्या हाताने गोळा केल्यावर एकशे बासष्टाव्याचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर किती फोडणार?

याउलट ३० जून २०१९ आठवा. विश्वचषकात बर्मिंगहॅमला भारत-इंग्लंड, आणि भारतासाठी लाहोर-कराचीतून प्रार्थना चाललेल्या. इंग्लंड हरलं असतं तर पाकिस्तानला उपांत्य फेरीचा रस्ता खुला होता. इंग्लंडने ३३७ केले. शेवटच्या षटकांत धोनी आणि आपला केदार जाधव एकेक-दोनदोन धावा काढत राहिले आणि पाच गडी हातात ठेवून भारत ३०६वर थांबला. मग सीमेपलीकडे आणि आपल्या घरच्या ग्रुपवरही तेच वाक्य: मुद्दाम हरले. मला तसं वाटत नाही. तो पाठलाग आधीच हातातून गेला होता आणि त्या दोघांनी हिंमत लवकर सोडली, इतकंच. पण तसं वाटणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही, कारण संशयाला जागा स्पर्धेच्या नियमांनीच करून दिली होती.

पाकिस्तान आणि न्यूझीलंड दोघांचे गुण ११ झाले. नेट रनरेटवर न्यूझीलंड पुढे गेलं. पण त्याच स्पर्धेत पाकिस्तानने न्यूझीलंडला सहा गडी राखून हरवलं होतं. इथल्या नियमाने पाकिस्तान पुढे गेलं असतं, कारण बेसबॉलमध्ये बरोबरी झाली की आधी दोघांतले आपापसातले सामने बघतात. म्हणजे मँचेस्टरला भारतासमोर न्यूझीलंड नव्हे, पाकिस्तान उभं राहिलं असतं. त्या उपांत्य सामन्यात आपण १८ धावांनी हरलो त्याचं दुःख अजून न गेलेल्यांनी या नियमावर जरा विचार करावा. आणि हा नियम असता तर बर्मिंगहॅमच्या त्या संध्याकाळी पाकिस्तानला भारताच्या मेहरबानीची गरजच पडली नसती.

२०२५ला टोरांटो आणि यांकीज दोघेही ९४ विजयांवर थांबले. तेरा सामन्यांपैकी आठ टोरांटोने जिंकले होते, विभाग त्यांचा. एका मिनिटात विषय संपला, कुणी कॅलक्युलेटर काढला नाही. जुन्या लोकांना हे आवडत नाही हेही खरं. पूर्वी बरोबरी झाली की एक जादा सामना व्हायचा, आणि त्यातला सर्वांत गाजलेला २ ऑक्टोबर १९७८चा, फेनवेवरचा, ज्यात बकी डेंट नावाच्या किरकोळ फटकेबाजाने होमरन मारून यांकीजना ५-४ असा विजय दिला. त्याही वर्षी यांकीज एका टप्प्यावर बॉस्टनच्या चौदा सामने मागे होते. तो जादा सामना २०२२पासून बंद झाला. माझ्या मते चांगलं झालं, पण हे बॉस्टनमध्ये बोलताना माणसं बघून बोलावं.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची, आणि मला हीच जास्त महत्त्वाची वाटते. हंगामाच्या शेवटच्या रविवारी पूर्वेच्या घड्याळाप्रमाणे दुपारी तीनच्या सुमारास देशभरातले पंधराही सामने एकदम सुरू होतात. कोणाला किती हवंय हे कोणालाच आधी माहीत नसतं. फेनवेवर डाव्या भिंतीत अजून हाताने पाट्या बदलायचा धावफलक आहे, त्यात बाहेरगावचे आकडे दिसतात, आणि त्या दिवशी निम्मं मैदान खेळ सोडून त्या भिंतीकडेच बघत असतं. उलट आयपीएलमध्ये २०२३ला मुंबईचा सामना दुपारी, बंगळुरूचा रात्री. गुजरातचा पहिला नंबर आधीच पक्का. म्हणजे एका टीमला सगळं माहीत, दुसरीला काही पडलेलं नाही. गिल प्रामाणिकपणे खेळला म्हणून निभावलं. पण प्रामाणिकपणा गृहीत धरून वेळापत्रक करायचं नसतं.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. ८ ऑक्टोबर २०२१ला साखळीचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी झाले होते. मुंबईला हैदराबादवर १७१ धावांनी विजय हवा होता, त्यांनी २३५ ठोकले, ४२ धावांनी जिंकले आणि तरी बाहेर गेले. कोणी म्हटलं नाही की काही शिजलं होतं. पुढच्या वर्षी ती पद्धत गुंडाळली गेली. टीव्हीवाल्यांना दोन सामन्यांचे दोन वेगळे प्रेक्षक हवे असतात, त्याला कोण काय करणार.

आतेभाऊ म्हणतो, मग अमेरिकेत सगळं स्वच्छ का? मुळीच नाही. २०१८मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना खेळावरची सट्टेबाजी मोकळी करून दिली, आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये ती २०२३पासून कायदेशीरपणे सुरू झाली, आणि आता सामन्याच्या मधल्या वेळात टक्केवारीच्या जाहिरातींशिवाय दुसरं काही दिसत नाही. यांकीजची प्लेऑफची शक्यता किती, हे पूर्वी लोक वाद घालायला विचारायचे, आता पैसे लावायला विचारतात. नोव्हेंबर २०२५मध्ये क्लीव्हलंडच्या दोन पिचरांवर सट्टेबाजांना आधी सांगून विशिष्ट बॉल टाकल्याचे आरोप ठेवले गेले. दोघांनी ते नाकारले. आणि ही तीच टीम, जिने त्याच हंगामात साडेपंधरा सामन्यांची पिछाडी भरून डेट्रॉइटकडून विभाग हिसकावला होता. इतका अद्भुत सप्टेंबर आणि त्याला हा डाग. या बाबतीत भारतच पुढे म्हणायला हवा, निदान पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा तरी झाला.

बॉस्टनचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. यांकीजच वाट्याला आले. पहिला सामना आपला, दुसरा त्यांचा, आणि तिसऱ्यात कॅम श्लिट्लर नावाच्या नवख्या पोराने आठ डाव एकही धाव न देता बारा जणांना स्ट्राइकआउट करून ४-०ने रेड सॉक्सना घरी पाठवलं. तारीख २ ऑक्टोबर. पोरगा कुठला, तर बॉस्टनजवळच्या वॉलपोलचा, शिकलेला बॉस्टनच्याच नॉर्थईस्टर्न विद्यापीठात. यांकीजच हवेत म्हणणारा तट दुसऱ्या दिवशी ऑफिसात उशिरा आला.

राहता राहिला आपापसातल्या सामन्यांचा नियम आयपीएलला लावायचा प्रश्न. तिथे माझी पंचाईत होते. दोन टीम साखळीत एकमेकींशी फार तर दोनदा खेळतात, आणि बऱ्याचदा एकेक जिंकून मोकळ्या होतात. २०२४ला चेन्नई-बंगळुरूचं तसंच झालं, दोघींचे गुण सारखे, मार्चमध्ये एकीचा विजय, मेमध्ये दुसरीचा. तेव्हा रनरेट राहू दे. पण साखळीचे शेवटचे सामने एकाच वेळी लावायला कुठलं गणित आड येतं, हे मला कोणीतरी समजावून सांगावं. दोन पडदे प्रत्येकाच्या हातात आहेतच, आणि आतेभावाच्या घरी तर बाप आणि पोरगा तसेही वेगवेगळे सामने बघतात.