सव्वाअकरा ब्रासची भिंत

आज सकाळी सोलापूरकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी वीटकामाच्या बिलाचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ : "हे बरोबर आहे ना? पैसे कालच दिले."

कालच दिले! आधी द्यायचे आणि मग विचारायचं, हा आपल्याकडचा रिवाजच आहे.

बिल असं : लांबी १५० फूट, उंची १० फूट, जाडी ९ इंच, एकूण ११२५ घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे सव्वाअकरा ब्रास. गुणाकार चोख आहे, भिंत तेवढी नाही. प्लॅन मागवून घेतला. त्या १५० फुटांत १२ कॉलम बसलेत, प्रत्येकी सव्वा फूट. म्हणजे १५ फूट तिथेच गेले. वर १५ इंचांचा बीम, त्यामुळे वीट पावणेनऊ फुटांवर थांबते. राहिले ८८६ घनफूट. त्यातून चार बाय चारच्या ८ खिडक्या आणि साडेतीन बाय सातचे २ दरवाजे वजा करा, आणखी १३३ गेले. खरं वीटकाम साडेसात ब्रास. खिडकी-दरवाजावरची काँक्रीटची पट्टी, म्हणजे लिंटेल, तर अजून धरलंच नाही.

पावणेचार ब्रास हवा विकली हो सरांना. आणि कॉलम-बीमचे पैसे आरसीसीच्या, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, बिलात आधीच चुकते झालेत, म्हणजे त्या जागेचे दोनदा.

मी क्वांटिटी सर्व्हेअर. तसं म्हटलं की लोक विचारतात, "जमीन मोजणारे का?" नाही हो. खोदाईपासून रंगापर्यंत कोणता आयटम किती लागेल हे नकाशावरून आधी काढणारा, आणि काम झाल्यावर जागेवर टेप लावून तपासणारा माणूस. मोठ्या साइटवर यालाच बिलिंग इंजिनिअर म्हणतात. घर बांधणाऱ्याला मात्र तो चैन वाटतो. टाइल्ससाठी चार दुकानं फिरतील, पण मोजमापाला माणूस नको.

"आमचं स्क्वेअर फुटाच्या दराने ठरलंय, आम्हाला कशाला?" तुम्हालाच जास्त! त्या दरात काय काय येतं ते लिहून घेतलंय का? पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड, पॅरापेट, ओटा, मुरमाचा भराव? बाल्कनी पूर्ण मोजणार की अर्धी? पाया पाच फूट धरलाय आणि काळ्या मातीत मुरूम आठ फुटांवर लागला, तर वरचे तीन फूट कोणाच्या खिशातून? त्याचा दर खड्डा खणण्याआधी ठरवा. खणल्यावर ठेकेदार सांगेल तो दर.

स्लॅबचंही तेच. सेंटरिंगची, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याची, लेव्हल चुकून १४०० चौरस फुटांचा स्लॅब अर्धा इंच जाड झाला, तर ५८ घनफूट काँक्रीट जादा जातं. एम-२० या प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे ८ गोण्या धरल्या तर साधारण १३ गोण्या सिमेंट. वर वजन वाढतं ते वेगळंच. काँक्रीट पडायच्या आधी दोऱ्या ताणून जाडी बघायला अर्धा तास पुरतो. सळईचं वजन काढायचं तर मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरमागे किलो मिळतात, एवढंच पाठ करा. १२ मिमीची १२ मीटर सळई १०.६६ किलो भरते. गाडी रिकामी होण्याआधी नग मोजा. आणि वाळूच्या गाडीचा हौदा आतून मोजा. ओली वाळू फुगते, ब्रास भरलेला दिसतो आणि माल कमी असतो.

बरं, सगळे ठेकेदार चोर नसतात, हेही खरं. मालकच खिडकी दोनदा हलवतो, टाइल्स बदलतो, आणि वाढलेलं बिल पाहून ओरडतो. छोट्या दोन खोल्यांना पूर्णवेळ माणूस परवडतही नाही. मग टप्प्याटप्प्याला बोलवा. प्लिंथला म्हणजे जोत्याला, स्लॅबआधी, प्लास्टरआधी.

रागाच्या भरात सरांना फोनवर जरा जास्तच बोललो. ते शांतपणे म्हणाले, "अहो, फंडाचे पैसे आहेत, म्हणून विचारलं." त्यावर काय बोलणार.

पण एक बरं आहे. ते रनिंग बिल होतं, म्हणजे काम चालू असतानाचं, शेवटचं नव्हे. पुढच्या बिलात आधीच्या सगळ्या कामाची बेरीज पुन्हा मांडतात, तिथे वीटकाम साडेसात ब्रास लिहायचं आणि जादा गेलेलं वळतं करायचं. भांडायची गरज नाही, नकाशा समोर ठेवायचा.

येत्या आठवड्यात प्लास्टरचं बिल येईल. तिथे ठेकेदार म्हणेल, खिडकीच्या कडा आम्हीच केल्या, वजावट कसली? ते अर्धं खरं आहे. आयएस १२०० या बांधकाम मोजणीच्या भारतीय मानकाप्रमाणे अर्धा ते तीन चौरस मीटरच्या खिडकी-दरवाजाला दोन्ही बाजूंनी प्लास्टर असेल, तर एकाच बाजूची वजावट होते. दुसरी बाजू कडांच्या कामात गेली असं धरतात. म्हणजे सरांच्या बाहेरच्या भिंतींचे १७७ चौरस फूट वजा होतात, ३५४ नव्हे. ठेकेदाराचं तेवढं त्याला द्यायचंच.

सरांचा मुलगा सुट्टीवर आलाय. त्याला म्हटलं, टेप आणि वही घेऊन ठेव, रविवारी येतो.