पोप नाही म्हणून भांडतात म्हणे!

आमच्या पॅरिशच्या ग्रुपवर आज पुन्हा इझनिकचा (तुर्कस्तानातलं जुनं नायसिया) तो फोटो आला. २०२५ च्या नोव्हेंबरात नायसिया परिषदेच्या (सन ३२५ ची बिशपांची मोठी सभा) १७०० वर्षांनिमित्त पोप लिओ आणि ऑर्थोडॉक्सांचे कॉन्स्टँटिनोपलचे पात्रिआर्क बार्थोलोम्यू तिथे एकत्र प्रार्थनेला उभे राहिले, तो. फोटो छानच आहे. खाली आपल्याच एका वसईकराने लिहिलंय, "मॉस्कोवाले ऑर्थोडॉक्स नाहीत बघा. यांना पोप नाही ना, म्हणून आपसात भांडतात." आणि त्यावर अंगठ्यांची रांग!

डोकं फिरलं.

माझ्या मल्याळी मित्राच्या आजीच्या मातीला मी एर्नाकुलम जिल्ह्यात गेलो होतो. ऑर्थोडॉक्स आणि जॅकोबाइट हे केरळातल्या सुरियानी ख्रिस्ती लोकांचे दोन गट, दोघांनाही पोप नाही. त्यांच्या वादात आजीचं चर्च दुसऱ्या गटाकडे गेलेलं. आजी कुठल्या गटाची ते सांगत नाही, लगेच बाजू घ्याल. त्यांचे फादर फाटकाबाहेर रस्त्यावरच थांबले, प्रार्थना तिथेच झाली. पेटी आत नेली ती फक्त घरच्यांनी. दोन्हीकडे विधी तोच, सुरियानी प्रार्थना त्याच! भांडण १९१२ पासूनचं, केरळातला प्रमुख, म्हणजे कॅथोलिकोस मोठा, की जॅकोबाइट ज्याला मानतात तो सिरियातला अंत्युखियाचा पात्रिआर्क, आणि चर्चच्या चाव्या कोणाकडे.

हो, २०१७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, चर्चची स्वतःची १९३४ ची घटना पाळायला हवी, मान्य. पण म्हणून फादर रस्त्यावर?

गंमत बघा. १९८४ साली पोप जॉन पॉल दुसरे आणि सिरियन पात्रिआर्क झक्का यांनी जाहीर केलं की अडचणीच्या वेळी, आपला धर्मगुरू मिळत नसेल तर, एकमेकांच्या धर्मगुरूकडून ख्रिस्तप्रसाद मागता येईल. म्हणजे मला, कॅथलिकाला, जॅकोबाइटांकडे वेळप्रसंगी दार उघडं. आजीच्या फादरांना फाटक बंद.

पण म्हणून आपण कॅथलिकांनी मिशा पिळायच्या? १५९९ च्या उदयंपेरूरच्या धर्मसभेत गोव्याच्या पोर्तुगीज आर्चबिशपांनी केरळच्या या सुरियानी ख्रिस्ती लोकांची जुनी पुस्तकं जाळायला लावली. १६५३ ला मट्टनचेरीत त्यांच्यातल्या हजारोंनी क्रुसाला दोर बांधून जेझुइट पाद्र्यांचं ऐकणार नाही अशी शपथ घेतली, ती उगाच? केरळातली ही फाटाफूट तिथून सुरू होते.

आज ग्रुपवर एवढंच लिहिलं तर एका काकांनी मला "ऑर्थोडॉक्सांचा वकील" ठरवलं. काका, तुमचा राग नाही. तुम्ही ते फाटक पाहिलेलं नाही. मित्राची आई रडत नव्हती, फक्त फादरांना सावलीत खुर्ची द्या म्हणून सारखी सांगत होती.

ज्यांना अजूनही पोप हाच उपाय वाटतो त्यांनी एक सांगावं. एर्नाकुलमची सेंट मेरीज बॅसिलिका सिरो-मलबारांची, म्हणजे पोपच्याच छत्राखालची. मिस्सात फादरांनी लोकांकडे तोंड करायचं की वेदीकडे, यावरून २०२२ च्या नाताळात तिथे वेदीवरच धक्काबुक्की झाली. ती कोणी केली? कमेंट उघड्या आहेत.