मला नवीन पाकीट नको होतं

परवा मुलीने बिस्किट चावलं आणि "आई, यात दगड आहे" म्हणत तोंडातून काढून माझ्या हातावर ठेवला. दगड नव्हता. निळ्या, कडक प्लास्टिकचा तुकडा होता, करंगळीच्या नखाएवढा, एका बाजूने टोकदार. दात शाबूत, जीभही शाबूत. पण गिळला असता तर? दोन रात्री मला झोप नाही.

रागाच्या भरात पाकीट कचऱ्यात टाकलं आणि पाच मिनिटांनी परत बाहेर काढलं. बॅच नंबर त्यावरच असतो. तो नसेल तर तुकडा कुठल्या कारखान्यातून, कुठल्या दिवशीच्या मालातून आला, हे शोधणार कसं?

निळा रंग बघून मला आधीच शंका आली होती. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत हातमोजे, ब्रश, जखमेवरच्या पट्ट्या बऱ्याचदा मुद्दाम निळ्या ठेवतात. खाण्यात निळा रंग सहसा नसतो, त्यामुळे काही पडलं तर नजरेत भरतं. त्या पट्ट्यांमध्ये धातूचा पातळ थरही घालतात, मेटल डिटेक्टरने पकडावं म्हणून. एवढा विचार केलेला असतो! तरीही निसटतं. मेटल डिटेक्टरला काच, लाकूड, साधं प्लास्टिक कळत नाही. एक्स-रे काच आणि दगड पकडतो, पण हलकं प्लास्टिक, केस, किडा त्यातून सुटू शकतो. हे सगळं चुकवून जे येतं, ते खाणाऱ्याच्या दाताखालीच सापडतं.

चूक होऊ शकते, हे मला मान्य आहे. राग आला तो नंतर कंपनीला केलेल्या फोनचा. पलीकडच्या माणसाने माफी मागितली आणि लगेच पत्ता विचारला, नवीन पाकीट पाठवायला. बॅच नंबर मीच सांगितला. तुकडा पाठवू का, विचारलं. "गरज नाही, मॅडम."

गरज कशी नाही? 2016 च्या सुरुवातीला जर्मनीत एका ग्राहकाला स्निकर्स चॉकलेटमध्ये लाल प्लास्टिकचा तुकडा सापडला. त्याने तक्रार केली. मार्स कंपनीने नेदरलँड्समधल्या आपल्या कारखान्यापर्यंत माग काढला आणि 55 देशांतून माल परत मागवला. त्या माणसालाही फुकट चॉकलेट देऊन गप्प करता आलं असतं.

आणि पाकीट मुलीने विकत घेतलं नव्हतं, मी घेतलं होतं. 1928 मध्ये स्कॉटलंडमधल्या पेस्लीत मे डॉनह्यू यांनी जिंजर बिअरच्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाल्याची तक्रार केली, तेव्हा बाटलीचे पैसे त्यांच्या मैत्रिणीने दिले होते. 1932 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं की पैसे कुणीही दिलेले असोत, जो खाणार-पिणार त्याची काळजी घेणं उत्पादकाचं कर्तव्य आहे. इतकं जुनं आहे हे.

दर वेळी दोष कंपनीचाच असतो, असंही मी म्हणत नाही. डबाबंद माशांत काचेसारखे खडे सापडतात, ते कधीकधी स्ट्रुवाइटचे, म्हणजे माशातल्याच क्षारांपासून बनलेले स्फटिक असतात, निरुपद्रवी. कोमट व्हिनेगरमध्ये ठेवले की हळूहळू विरघळतात, काच विरघळत नाही. पण हे कळायला वस्तू हातात लागते. म्हणून कळकळीने सांगते, फेकू नका. वस्तू, उरलेला पदार्थ, पाकीट सगळं ठेवा, फोटो काढा, कंपनीला लेखी कळवा आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनाही.

मी दोन्हीकडे लिहिलंय. नवीन पाकीट काल आलं, सोबत छापील माफीपत्र. तुकडा अजून माझ्याकडेच डबीत आहे, कंपनीने तो मागितलेला नाही.