तेच तेच शिकवून कंटाळा येत नाही का?

मी शिक्षक आहे हे कळलं की लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस दोन प्रश्न विचारतो. पहिला सुट्ट्यांचा. दुसरा, तेच तेच शिकवून कंटाळा येत नाही का? विचारणारा बहुधा स्वतः रोज तीच व्हाउचरं पास करत असतो, पण ते असो.

कंटाळा येतो. धड्याचा मात्र नाही.

दहावीचा अभ्यासक्रम 2018 मध्ये बदलला, तेव्हापासून विज्ञान भाग 1 चा पहिला धडा गुरुत्वाकर्षण. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी भरते, तोवर पुण्याकडची पोरं केपलरच्या नियमांपर्यंत पोचलेली असतात. मला तीन तुकड्या, त्यामुळे न्यूटनचं सफरचंद एकाच दिवशी तीनदा पडतं. चंद्रावर वजन एक षष्ठांश होतं, वस्तुमान तेवढंच राहतं, ही वाक्यं मी झोपेतही म्हणेन.

एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "चंद्रावर संत्री विकली तं शेतकरी बुडन ना जी सर?" वर्ग हसला. पोरगा हसला नाही, तो पहाटे वडिलांबरोबर संत्री घेऊन नागपूरच्या कळमना मार्केटला जाणारा. मी विचारलं, मोजशील कशावर? मग जे सुरू झालं ते पुस्तकात नाही. इथला इलेक्ट्रॉनिक काटा तिथे नेला तर किलोभर संत्री 167 ग्रॅमच्या आसपास दाखवेल. दोन पारड्यांचा तराजू नेला तर किलो तो किलोच, कारण मापाचं वजनही तितकंच घटतं. "म्हणजे तराजूवाला इमानदार!" एक मुलगी म्हणाली. मग व्यापारी कोणता काटा मागेल आणि शेतकरी कोणता, यावर बेल होईपर्यंत भांडण.

पुढच्या तासाला मी तोच प्रश्न हौसेनं दुसऱ्या तुकडीत टाकला. शांतता. मग एकीनं विचारलं, "पण सर, चंद्रावर झाडं काहून उगवतील?" तास हवा-पाण्यात गेला, तराजू राहिला बाजूला.

धडा तोच, पण पोरं अडतात ती जागा दर तुकडीत वेगळी. ती हुडकायला मला अजून आवडतं. म्हणून एक वही ठेवली आहे, धड्यावार चुकीच्या उत्तरांची आणि आडव्या प्रश्नांची. जूनमध्ये पुस्तकाआधी ती वाचतो. रोज जोश येतो असं मात्र नाही. जुलैच्या उमसेत, मधल्या सुट्टीनंतर, लाईट गेलेली असताना मी सरळ पुस्तक वाचून दाखवतो. त्याबद्दल अपराधी वाटून घेत नाही.

जीव जातो तो वेगळ्याच पुनरावृत्तीत. तीच माहिती आज पोर्टलवर, उद्या एक्सेलमध्ये, परवा "तातडीने" व्हॉट्सॲपवर. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. माहिती भरणं अशैक्षणिक कामात बसत नाही म्हणे, कारण ते "शैक्षणिक" आहे! आणि मग आम्ही थकलेले दिसलो की प्रेरणेवर व्याख्यान ठेवतात. अशाच एका व्याख्यानात ध्येयवेड्या शिक्षकांसाठी टाळ्या झाल्या आणि बाहेर पडताना हजेरीचा फॉर्म दोनदा भरून घेतला.

व्याख्यानाच्या त्या एका दिवसात आम्हा पाच विज्ञान शिक्षकांना नुसतं एका टेबलाशी बसवा, आपापल्या वर्गातली चुकीची उत्तरं घेऊन. तर्री-पोहे आमच्या पैशानं.