पांढरी पाच, किंचित चढी

आज सकाळी जिन्यात नानांनी एका अनोळखी गृहस्थांशी माझी ओळख करून दिली. "हा आमच्या वरच्या मजल्यावरचा. गिटार वाजवतो. याचा पेटारा बिघडला होता, मी बरा केला." गृहस्थ माझ्याकडे बघून कनवाळूपणे हसले. मीही हसलो. हातात कचऱ्याची पिशवी असताना माणसाने बाणेदारपणा दाखवायचा तरी कसा?

एक तर तो पेटारा नाही, गिटारचा आवाज मोठा करणारा, पाच वॉटचा, व्हॉल्व्हवाला (म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प्लिफायर आहे. आत १२एएक्स७ आणि ६व्ही६ नावाचे दोन व्हॉल्व्ह आणि एसीची डीसी करणारा एक रेक्टिफायर, संपला कारभार. आणि दुसरं म्हणजे तो बिघडला नव्हता. मी बिघडवला होता. त्यासाठी मी तीन शनिवार-रविवार खर्ची घातलेत, त्याचं श्रेय तरी मला मिळावं.

स्पीकरला जोडलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर मोठा बसवला की आवाज भरदार होतो, असं वाचलं होतं. दहा मिनिटांचं काम, असंही त्यात होतं. (हे लिहिणाऱ्यांच्या घरी घड्याळं कुठली असतात, मला बघायचंय.) ट्रान्सफॉर्मर बसवला. मग आत हात घातलाच आहे तर कॅथोडचा कपॅसिटर बदलला आणि आतल्या वेड्यावाकड्या तारा जरा सुबक केल्या. या सुबकपणाकडे नंतर येतो.

बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापायला काही सेकंद लागतात, तेवढं सुख मिळालं. मग अशी किंकाळी उठली की मी गिटार सोडून आधी प्लग उपटला. ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूच्या दोन तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. त्यामुळे आउटपुटकडून मागे येऊन आवाजाला लगाम घालणारा ऋण फीडबॅक धन झाला आणि लगामाचा चाबूक झाला. तारांची अदलाबदल केली, किंकाळी गेली आणि तिच्याखाली दबलेली घरघर ऐकू आली.

व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी घरघर तेवढीच. म्हणजे दोष व्हॉल्यूमच्या पुढच्या भागात, म्हणजे वीजपुरवठ्यात, म्हणजे पुरवठ्यातली घरघर गाळणारे फिल्टर कपॅसिटर गेले. रेक्टिफायरनंतर उरणारी घरघर १०० हर्ट्झची असते, हे मला पाठ होतं. मी २२ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे नवे कपॅसिटर बसवले. घरघर जागची हलली नाही. अशा वेळी दाराची बेल वाजली.

"काय बिघडलं होतं रे?" नानांनी आत येता येता विचारलं.

"काही नाही."

"मग उघडलास कशाला?"

"सुधारायला."

"म्हणजे सुधारल्यावर बिघडलं."

"हो."

"मग आधी काय वाईट होतं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. नाना खुर्ची ओढून बसले आणि त्यांचं बोट थेट कपॅसिटरच्या दिशेने निघालं. मी त्यांचं मनगट धरलं.

"नाना, तिथे तीनशेच्या वर व्होल्ट असतात."

"पण प्लग तर काढलायस."

"कपॅसिटर साठवून ठेवतात."

"कोणासाठी?"

मी रेझिस्टर लावून कपॅसिटर रिकामे केले, मीटरने खात्री केली, आणि मग तारा हलवून बघायला कोरडी लाकडी काडी शोधू लागलो. नानांनी खिशातून पेन्सिल काढून दिली. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, त्यातून वीज वाहते, हे सांगितल्यावर ते दुखावले. "चाळीस वर्षं वापरतोय, एकदाही झटका बसला नाही." मी अ‍ॅम्प पुन्हा चालू केला. डावा हात खिशात घातला, कारण वीज एका हातातून दुसऱ्या हातात गेली तर वाटेत छाती लागते.

"खिशात काय शोधतोयस?"

"हात ठेवलाय."

"बरं." जरा थांबून म्हणाले, "सापडला की सांग."

मग घरघर बारा इंची स्पीकरमधून खोलीभर पसरली आणि नाना एकदम गप्प झाले. डोळे मिटले. एक हात कानाशी नेऊन त्यांनी सूर लावला. "पांढरी पाच," ते म्हणाले, म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी. "किंचित चढी."

"नाना, प्लीज."

"आणि मी वरच्या सप्तकात लावतोय बरं का. तुझा सूर फार खाली आहे. माझ्या तानपुऱ्याचा खर्जसुद्धा इतका खाली उतरत नाही."

मी हसलो. मग हसता हसता मनात गणित झालं. पांढरी सहा ४४० हर्ट्झ धरली तर शंभरच्या जवळची पांढरी पाच ९८ हर्ट्झ, आणि तिच्या एक सप्तक खालची ४९. किंचित चढी, म्हणजे पन्नास. म्हणजे शंभर नव्हेच! मी दोन दिवस चुकीच्या सप्तकात दुरुस्ती करत होतो.

पन्नास म्हणजे रेक्टिफायरमधून न गेलेली, घरातली मूळ एसी, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणारा हीटर. आता सुबकपणाकडे येऊ. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या दोन तारा मूळ कारागिराने वेणीसारख्या पिळल्या होत्या. त्यांतून पाऊण अँपिअर एसी वाहते. पीळ असला की दोन्ही तारांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात. मी तो पीळ उलगडून त्या रेल्वेच्या रुळांसारख्या समांतर, पहिल्या व्हॉल्व्हच्या अगदी शेजारून नेल्या होत्या. त्यांचा फोटोही काढला होता. पुन्हा पीळ घातला, तारा कोपऱ्यात दाबल्या. वीस मिनिटांत घरघर गेली.

दुसऱ्या संध्याकाळी नाना पुन्हा दारात. "बंद ठेवलायस?"

"चालू आहे."

"ऐकू येत नाही."

"तेच तर!"

त्यांचा चेहरा पडला. "माझी पट्टी पांढरी एक. तुझा सूर बरोबर पंचमाला यायचा. गेला आठवडाभर त्याच्यावरच रियाज चालला होता." मग माझी समजूत काढल्यासारखे म्हणाले, "चढा होता थोडा. पण यंत्राकडून किती अपेक्षा करायची?"

एवढं करून आवाज भरदार झाला का, हे मला कोणीही विचारलं नाही. नानांनी नाही, घरच्यांनी नाही. आणि विचारलं असतं तरी काय सांगणार होतो? आधीचं रेकॉर्डिंग करायला मी विसरलो होतो. झालाय असं मला वाटतं. रात्री झोपताना जरा कमी वाटतं.

तर आज सकाळी जिन्यात कचऱ्याची पिशवी सावरत मी निघालो, तेवढ्यात त्या गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही व्हॉल्व्हचे रेडिओसुद्धा बघता का?"

मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "यांच्या वडिलांचा रेडिओ आहे रे. उत्तम चालतो." आणि त्यांच्याकडे वळून, "आधी हा उघडेल. मग मी येतो."