अनोळखी नंबर

आज दुपारी पुन्हा एक फोन. "मॅडम, तुमचं पर्सनल लोन प्री-अप्रूव्ह झालंय..." तिचं वाक्य संपायच्या आत मी ओरडले. इतक्या जोरात की ऑफिसातली माणसं वळून बघायला लागली. पलीकडची मुलगी क्षणभर गप्प झाली, "सॉरी मॅडम" म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हापासून कामात लक्ष लागलं नाही, म्हणून लिहितेय.

गेल्या महिन्यात आईला बँकेतून घरी येताना रस्त्यात चक्कर आली. मोबाइल घरी चार्जिंगला राहिला होता. एका बाईंनी तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि तिच्या पर्समधल्या चिठ्ठीवरचा माझा नंबर लावला. मी कापला. त्यांनी परत लावला. परत कापला. तिसऱ्यांदा मी तो नंबर ब्लॉकच करून टाकला. सकाळपासून तसले सात फोन येऊन गेले होते. हा आठवा, एवढंच डोक्यात आलं.

आता कुणीतरी लिहीलच, डीएनडी करून घे, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंदणी. केलंय हो! कितीतरी वर्षांपूर्वी. १९०९ वर 'स्टार्ट ०' पाठवून बँका, घरं, शिक्षण, आरोग्य, पर्यटन, सगळंच बंद केलंय. रीतसर नोंदणी करून १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून फोन करणारे ती यादी पाळतात. ते फोन कमी झाले, हे कबूल. पण जो मूठभर सिमकार्डं घेऊन साध्या दहा आकडी नंबरवरून फोन करत सुटलाय, तो यादी बघतो कशाला? त्याचा एक नंबर ब्लॉक करा, उद्या दुसऱ्यावरून हजर. आणि कधीतरी कुठल्या तरी फॉर्मवर घाईत 'मला मान्य आहे' वर टिक केलेली असते. मग तुम्ही स्वतःच संमती दिलीत म्हणून त्या कंपनीला डीएनडी आड येत नाही. कशाला मान्यता दिली, ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं म्हणे. माझा नंबर या सगळ्यांना दिला कुणी, हे आजवर एकानेही सांगितलेलं नाही. विचारलं की फोन कट.

नियम सुधारलेत, नाही म्हणत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, फोन आल्यावर तक्रार करायची मुदत ३ दिवसांवरून ७ दिवस केली. नोंदणी नसलेल्या नंबरवर कारवाईसाठी पूर्वी ७ दिवसांत १० तक्रारी लागायच्या, आता १० दिवसांत ५ पुरतात. डीएनडी नसलं तरी तक्रार करता येते. पण त्या पाच जणांनी एकाच नंबरची तक्रार करायची, तीही तो नंबर फेकून देण्याआधी! मी करते तक्रार. नंबर, तारीख, काय बोलले, सगळं लिहून. दोन दिवसांनी मेसेज येतो की तक्रार निकाली काढली. त्याच दुपारी नव्या नंबरवरून तेच कर्ज.

आणि सगळ्यात संताप येतो तो "अगं, अनोळखी नंबर उचलायचाच नाही" या सल्ल्याचा. दवाखान्यातून येणारा फोन ओळखीच्या नंबरवरून येतो का? मुलांच्या शाळेच्या बसमधला माणूस बदलला तर? माझ्या आईला धरून रस्त्यावर बसलेल्या त्या बाई माझ्या कोण लागत होत्या? अनोळखीच होत्या ना! माणूस अडचणीत सापडतो तेव्हा त्याच्या घरी फोन बहुतेक वेळा अनोळखी माणूसच करतो. आणि तोच फोन आपण आता न बघता कापतो. माझी दुपारची झोपमोड वगैरे सोडून द्या, ती मी सहन करीन. हे मात्र सहन होत नाही.

त्या बाईंनी शेवटी रिक्षा केली आणि आईला घरी आणून सोडलं. संध्याकाळी मी त्यांचा नंबर अनब्लॉक करून फोन लावला. काय बोलायचं सुचेना. त्याच म्हणाल्या, "अहो, मला वाटलं कामात असाल. आई बऱ्या आहेत ना आता?" एका शब्दाने टोचून बोलल्या नाहीत. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ रडले.

आजच्या त्या मुलीचा आवाज फार कोवळा होता. नुकतीच नोकरीला लागली असेल. पुढ्यात नंबरांची यादी ठेवून दिवसभर लोकांच्या शिव्या खायला बसवलंय तिला. ज्याने ती यादी विकत घेतली, त्याला कुणी ओरडत नाही. मी ओरडले ते तिच्यावर. चुकलंच माझं.

परवा आईच्या पर्समध्ये औषधाचा कागद शोधताना ती चिठ्ठी हाताला लागली. जुनी, घडी पडलेली, वर माझं नाव आणि नंबर. त्याखाली वेगळ्या पेनाने, आईच्या थरथरत्या अक्षरात शेजारच्या काकूंचा नंबर लिहिलाय. आई मला त्याबद्दल काही बोललेली नाही.